बारा मोजेपर्यंत थांबणारी होडी

ज्यांनी तो खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रीत सांगते. रीत समजल्याशिवाय माझी अडचण समजणार नाही.

त्या खेळात चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटत आणि सांगत, की तुम्ही एका चौकात उभे आहात, समोर आटलेले कारंजे आहे, उत्तरेकडे बाजाराची गल्ली जाते. तुम्ही 'उत्तर' हा शब्द टाइप केला, की चौक मागे पडे आणि गल्लीचे वर्णन उमटे. त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कोणी माणूस त्याच गल्लीत उभा असू शके. तो बोलला, की त्याचे बोलणे तुमच्या पडद्यावर येई. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेले असे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मी वैद्य होते आणि माझा धाकटा भाऊ योद्धा.

नव्वदचे दशक संपत आले होते. बेंगळुरूतून त्या वर्षांत पुष्कळ जण गेले, तसा भाऊही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला गेला. राजाजीनगरच्या घरात आई आणि मी उरलो. मी तिथल्याच एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवत असे. जाण्यापूर्वी भावाने एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून एक संगणक जोडला, तो माझ्या टेबलावर ठेवला, आणि टेलिफोनची तार त्याला कशी लावायची, खेळात कसे शिरायचे, हे दोन संध्याकाळी बसून शिकवले.

"पत्र लिहायला तुला आठवडा लागतो, अक्का," तो म्हणाला होता. "लिहितेस, तपासतेस, पुन्हा लिहितेस. इथं बोल. इथं खोडता येत नाही."

ठरल्याप्रमाणे आम्ही दर रविवारी सकाळी साडेसातला त्या कारंज्याजवळच्या दगडी बाकावर भेटत असू. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असे. परदेशी फोन आम्ही सणावारीच करत असू, आणि तोही आई आणि मी एकमेकींच्या हातातून रिसीव्हर ओढत, ओरडून. ईमेलला त्याची दोन ओळींची उत्तरे येत. त्यामुळे खरे बोलणे होई ते बाकावर. अर्धा तास, रोमन अक्षरांत, आमच्या घरच्या मराठीत.

ही घरची मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या कुटुंबांची मराठी, कन्नड मुरलेली. आई माझ्या शेजारी स्टुलावर अवरेकाईच्या शेंगा सोलत बसे आणि सांगे, "विचार त्याला, जेवला काय? स्वल्प तूप तरी घेतोस काय म्हणावं." मी ते जसेच्या तसे टाइप करी. एकदा चौकात उभ्या असलेल्या एका परदेशी मांत्रिकाने भावाला विचारले, की ही वैद्य मघापासून कोणता मंत्र म्हणते आहे. भावाने उत्तर दिले, "आमच्या आईचा आहे. हा म्हटला, की पान वाढेपर्यंत माणूस जागचा हलत नाही." मी ते आईला वाचून दाखवले. "म्हणून तर अमेरिकेला पळाला," आई म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली. जाताना हसत होती.

असे दीड वर्ष गेले. मग खेळ चालवणाऱ्यांनी सूचना लावली, की समुद्रापलीकडे त्यांनी एक नवा प्रदेश बांधला आहे आणि तो लवकरच सर्वांसाठी खुला होईल.

मी ती सूचना आलेखाच्या वहीत उतरवून घेतली. जुन्या प्रदेशाचे नकाशेही मी त्याच वहीत काढत असे, एक चौकोन म्हणजे एक ठिकाण, या प्रमाणात. सूचनेतले तीन नियम महत्त्वाचे होते. नव्या प्रदेशाकडे दर पाव तासाने एक होडी जाईल आणि ती धक्क्याला बारा मोजेपर्यंत थांबेल. होडीत प्रत्येकाने स्वतः पाऊल ठेवायचे. एकाच्या मागोमाग दुसरा आपोआप चढणार नाही. आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे बोलणे अलीकडे ऐकू येणार नाही. बांधणाऱ्यांना तो प्रदेश खरोखर दूरचा वाटावा असे हवे होते.

पहिला नियम मी वाचला आणि सोपा म्हणून सोडून दिला. विद्यार्थीही असेच करतात.

नवा प्रदेश खुला झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी भाऊ बाकावर आलाच नाही. तो आधीच धक्क्यावर उभा होता. मी तिथे पोहोचले. धक्क्याचे वर्णन उमटले: ओल्या फळ्या, दोरखंड, धुके, खांबाला टांगलेली घंटा. भाऊ म्हणाला, "अक्का, होडी आली की लगेच चढ हं. तिकडं म्हणे उंटांचा बाजार आहे, आणि असा डोंगर आहे की चढताना हवा बदलते."

घंटा वाजल्याचे पडद्यावर आले. होडी लागल्याचे आले. होडीचे वर्णन मोठे होते आणि खरे सांगायचे, तर मी ते वाचू लागले. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले होते. दोन ओळी वाचून झाल्यावर मी 'चढ' या अर्थाचा शब्द टाइप केला. पुढे काही उमटले नाही. मग भावाची ओळ आली, होडीतून: "आलीस ना?"

मी आले नव्हते. माझा शब्द टेलिफोनच्या तारेत कुठेतरी अडकला होता.

दूरवर असलेल्या माणसाला ऐकू जावे म्हणून खेळात ओरडण्याचीही सोय होती. ती भावानेच मला शिकवलेली. मी 'थांब' हा शब्द टाइप केला. आता फक्त एक कळ दाबायची होती. ती मी दाबली नाही. उलट तो शब्द एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकला.

याचे कारण खेळात नव्हते, घरात होते. आमच्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. वडील हयात असताना ते छत्री विसरून निघाले, तर आम्ही छत्री घेऊन मुकाट्याने मागे धावत असू. हाक मारत नसू. भाऊ अमेरिकेला निघाला त्या दिवशी आईने दोन दिवस खपून केलेल्या चटणीपुडीचा डबा चपलांच्या फळीवर राहिला. गाडी हलली तेव्हा तो मला दिसला. डबा हातात घेऊन मी फाटकापर्यंत धावले, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिले, आणि तोंड उघडले नाही. आई म्हणाली, "बरं केलंस, हाक मारली नाहीस." पुढचा महिनाभर ती चटणी आम्ही दोघींनी खाल्ली. चांगली झाली होती. आईने मात्र कधी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

या समजुतीवर माझा विश्वास आहे का, असे कोणी विचारले असते, तर मी नाही म्हटले असते. बोटांना मात्र कोणी विचारत नाही. होडी सुटल्याची ओळ उमटली. त्यानंतर माझा अडकलेला शब्द पोहोचला आणि खेळाने उत्तर दिले, की इथे कोणतीही होडी नाही.

त्या दिवशी भाऊ अर्ध्या तासाने परत आला, तेव्हा आमची भेटीची वेळ संपत आली होती. "वाचत बसलीस ना?" त्याने विचारले. मी हो म्हटले. ते पहिल्या रविवारपुरते खरे होते.

पुढच्या रविवारी मी काही वाचले नाही. घंटेची ओळ दिसताच शब्द पाठवला. होडी तरी गेलीच. त्याच्या पुढच्या रविवारीही गेली.

मग मी या गोष्टीचा नीट अभ्यास केला. आमच्या शाळेच्या दोन इमारती होत्या. घंटा मोठ्या इमारतीत वाजे; मैदानापलीकडच्या लहान इमारतीत ती ऐकू येत नसे, म्हणून शिपाई चालत जाऊन तिथे दुसरी घंटा वाजवी. त्या इमारतीतला प्रत्येक तास उशिरा सुरू होई, आणि आतल्या मुलांना त्याचा पत्ताही नसे. माझे तसेच झाले होते. माझ्या पडद्यावर होडी लागल्याचे दिसे तेव्हा ती लागून काही क्षण झालेले असत, आणि माझा शब्द तिकडे पोहोचायला आणखी काही क्षण लागत. दीड वर्ष हे माझ्या लक्षात आले नव्हते, कारण बोलण्याला उशीर चालतो. प्रश्न विचारावा, चार शेंगा सोलाव्या, उत्तर येते. होडीला तो चालत नव्हता.

मी मनगटी घड्याळ समोर ठेवून मोजमाप घेतले. एक शब्द पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंतचे सेकंद वहीत लिहायचे. वीस नोंदी घेतल्या. कधी चौदा सेकंद, कधी एकोणीस, कधी एक्केचाळीस. सरासरी काढली. होडी ठरलेल्या वेळी येते, तेव्हा ती दिसण्याची वाट न पाहता सरासरीइतका वेळ आधीच शब्द पाठवावा, असे ठरवले. रीत बरोबर होती. परंतु सरासरी ही वर्गाच्या निकालासाठी उपयोगी असते. एका मुलाला उद्याच्या पेपरात किती गुण पडतील, हे ती सांगत नाही. माझा शब्द कधी होडीच्या आधी पोहोचे, कधी नंतर. मी पाठोपाठ दहा-बारा वेळा शब्द पाठवून पाहिला, तेव्हा खेळाने मला गोंधळ घालणारी ठरवून बाहेर काढले. आयुष्यात कोणीतरी मला वर्गाबाहेर उभे केल्याचा तो एकच प्रसंग.

"आज पण चुकली काय होडी?" आई विचारी.

"चुकली."

"यशवंतपूरची बस बरी मग. एक गेली तर मागनं दुसरी येते."

"ही पण येते, आई. पाव तासानं."

"मग चढत का नाहीस?"

याचे उत्तर वहीत पाच पाने भरून लिहिलेले होते. आईला ते दोन वाक्यांत सांगता आले नाही, आणि भावालाही सांगता आले नाही. त्याला मी तक्ता ईमेलने पाठवला. त्याने लिहिले, "अक्का, दोन-तीन सेकंद इकडेतिकडे होणारच. बारा पुष्कळ झाले. तू फार विचार करतेस. नुसतं दाब."

तो चुकीचे बोलत होता असे म्हणता येत नाही. शनिवारीही तो कचेरीत बसून खेळे, आणि तिथून पाठवलेला शब्द बोट उचलण्याच्या आत पोहोचत असे. त्याच्या घड्याळात बारा म्हणजे बाराच होते.

सुरुवातीला तो दर रविवारी परतीच्या होडीने माझ्यासाठी अलीकडे येई. परतीला वेळ लागे. बाकावर पोहोचला, की दहा मिनिटे बोले आणि त्यातली आठ पलीकडचीच असत. तिकडे त्याला सोबती मिळाले होते, ते सगळे मिळून डोंगर चढत होते, वाटेत एक गुहा होती, तिथे वैद्याची फार गरज होती. "तू असतीस ना, अक्का!" तो म्हणे. मी विचारी, जेवलास का. तो म्हणे, हो, हो.

एका रविवारी तो म्हणाला, "सरी, ठीक आहे, मी इकडंच थांबतो. तू येईपर्यंत नाही जात तिकडं."

मला जे हवे होते ते त्याने आपण होऊन समोर ठेवले होते. त्यावर मी काय उत्तर दिले ते वहीत आहे, कारण महत्त्वाची वाक्ये मी उतरवून ठेवत असे: "एकासाठी दुसऱ्यानं त्याच वर्गात बसू नये. तू पुढं जा." हे वाक्य मी अनेक पालकांना सांगितले आहे. बरोबर वाक्य आहे. तो गेला.

त्यानंतरच्या रविवारी त्याची परतीची होडी चुकली. पुढे एकदा डोंगरावरून मधूनच उतरता येत नव्हते. नंतर कारण कळवणेही हळूहळू थांबले. मी साडेसातला चौकात जाई. आता तिथे फारसे कोणी नसे. सगळे पलीकडे गेले होते. मांत्रिकही गेला होता. मी धक्क्यावर जाऊन तीन होड्यांसाठी प्रयत्न करी, तीन उत्तरे वहीत लिही आणि संगणक बंद करी. आई शेंगांची परात घेऊन स्टुलावर येऊन बसे, पडद्याकडे पाही, आणि काही न विचारता परत जाई.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ दोन आठवड्यांच्या रजेवर घरी आला. जाडसर झाला होता. पहिले काही दिवस नातेवाइकांत गेले. येलहंकापासून माणसे भेटायला आली. मग रविवार आला. सकाळी कॉफीचा लोटा घेऊन तो माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चल, तुला पलीकडं पोचवतो. एकदा चढलीस की झालं. बघ आता."

मी शेजारच्या स्टुलावर बसले. त्याने माझ्या नावाने खेळ उघडला, वैद्याला धक्क्यावर नेले, बोटे कळांवर ठेवली. घंटा वाजली. त्याने तत्क्षणी शब्द पाठवला. मी न राहवून घड्याळाकडे पाहिले.

काही उमटले नाही. मग होडी सुटली. मग उत्तर आले, की इथे कोणतीही होडी नाही.

"हे काय?" तो म्हणाला.

पाव तासाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने आधी शब्द पाठवला, माझ्याच रीतीने, वही न पाहता. तोही हुकला. त्याने टेलिफोनची तार काढून फुंकर मारून पुन्हा बसवली, संगणकातल्या दोन-चार गोष्टी बदलल्या, आणि टेबलावर हाताचा पंजा आपटला. लोट्यातली कॉफी सांडली.

"असं होतं होय तुला?" माझ्याकडे न पाहता त्याने विचारले. "दर वेळी?"

"तक्ता पाठवला होता," मी म्हणाले.

"मला वाटलं, तू वाचत बसतेस."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता त्याला पण चढायला येईना काय? सरी, दोघं जेवायला या मग." अकराला आमच्याकडे येणाऱ्या तिच्या फोनची वाट पाहणारी शेजारीण येऊन उभी राहिली, तेव्हा आम्ही संगणक बंद केला. त्याने माझी वही उघडून पाने चाळली. सगळे तक्ते पाहिले, शेवटपर्यंत. "अक्षर अजून तसंच आहे तुझं," एवढेच म्हणाला.

तो परत निघाला त्या दिवशी दुपारी गाडी फाटकाशी आली. चटणीपुडीचा डबा त्याच्या पेटीत आहे, हे मी दोनदा उघडून पाहिले होते. आईने त्याच्या तळहातावर दही ठेवले. त्याने ते खाल्ले, वाकून नमस्कार केला, गाडीत बसला. राहिलेले असे काहीही नव्हते. गाडी हलली.

मी हाक मारली. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो त्या आवाजात, त्याच्या घरातल्या नावाने.

"अगो!" आई म्हणाली. "मागनं हाक?"

कोपऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली. मी चालत गेले. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले होते. "काय अक्का? काय राहिलं?"

मी खिडकीशी उभी राहिले. इतक्या रविवारांचे बोलणे साठले आहे, असा माझा समज होता. त्यातले एकही वाक्य मला सापडले नाही. तो वाट पाहत होता. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, हे मला नोंदवावेसे वाटते. इंजिन चालूच होते. शेवटी ड्रायव्हरने मान वळवून, निघायचे का, असे विचारले, "होगोणा, सार?"

"काही नाही," मी म्हणाले. "जेवत जा वेळेवर."

"हो, हो," तो म्हणाला. "येतो अक्का."

परत आले तेव्हा आई दह्याची वाटी हातात घेऊन फाटकातच उभी होती.

"काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मग कशाला थांबवलंस त्याला?"

मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि विसळायला आत गेले.